डोळा आईचा, चॉइस कुणाचा?

ऑफिसात मीटिंग रंगात आलेली असते. बॉस तिसऱ्या स्लाइडवर. तुमचा फोन सायलेंटवर, पण टेबलावर थरथरतोय. स्क्रीनवर 'घर'. तुम्ही कट करता. पुन्हा येतो. पॅसेजमध्ये जाऊन उचलता, तर पलीकडून बाबा हळू आवाजात, "अरे, डोळ्यांच्या दवाखान्यात आलोय. आईचा मोतीबिंदू काढायचाय. इथली मुलगी विचारतेय लेन्स कुठली टाकायची. तीन प्रकार आहेत. तूच सांग."

आणि मोबाइल घ्यायचा तर पंधरा दिवस रिव्ह्यू वाचणारे तुम्ही साडेतीन मिनिटांत निकाल देऊन टाकता. "सगळ्यात भारीतली टाका. पैशांचं मी बघतो."

मंडळी, भावना शंभर टक्के खरी. पण डोळ्यातली लेन्स म्हणजे मोबाइल नाही, की वर्षाने एक्स्चेंज ऑफरमध्ये दिली. ती जन्माची सोबत. आणि सगळ्यात महाग ती सगळ्यात योग्य, हा फंडा इथे चालतोच असं नाही. म्हणून आजचा कॉलम त्या साडेतीन मिनिटांसाठी.

हा फोन आमच्या घरात गेल्या वर्षी उचगावहून गेला. पुण्याहून कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलचा चौक लागतो ना, त्याच्या अंगालाच आमचं उचगाव. एकीकडे हायवे, दुसरीकडे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ. तिथे माझी आत्ती राहते. आत्ती म्हणजे आत्या, आमच्याकडे आत्तीच म्हणतात. वय बासष्ट. गेली पंचवीस-तीस वर्षं घरी मशीनवर ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, हिंजवडीत आयटीत.

आत्तीच्या डोळ्यांत काहीतरी बिनसलंय हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली, कारण तिने ते कळूच दिलं नाही. संध्याकाळनंतर बाहेर जाणं बंद केलं आणि कारण सांगितलं गुडघ्याचं. खरं कारण हायवेवरच्या गाड्यांचे हेडलाइट. समोरून लाइट आला की सगळं पांढरं व्हायचं. मध्ये एकदा तर भलत्याच आनंदात म्हणाली, "आगं, आता मी चष्मा न लावताच सुई ओवतो!" (कोल्हापूरच्या बायका 'करतो-जातो'च म्हणतात, हे पुणेकरांसाठी मुद्दाम सांगते.) आम्हीही खूश. पण काही प्रकारच्या मोतीबिंदूत सुरुवातीला डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो, त्यामुळे जवळचं अचानक स्पष्ट दिसायला लागतं. नजर परत आली असं वाटतं. ती परत येत नसते, निघायच्या तयारीत असते.

मग एक दिवस एक ब्लाउज परत आला. नेव्ही ब्लू कापड आणि त्यावर काळ्या दोऱ्याची शिलाई. आत्तीने ट्यूबलाइटखाली बसून सगळा उसवला आणि परत शिवून दिला. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. शेजारच्या वहिनींकडून आमच्यापर्यंत आलं. रंग हीच जिची भाकरी, तिला निळा आणि काळा वेगळा करता येईना. दादा त्याच शनिवारी गाडी काढून उचगावात.

'पिकू दे की अजून!'

दवाखान्याचं नाव काढल्यावर आत्तीची तीन उत्तरं तयार होती. "दिसतंय की मला." "अजून पिकला न्हाई त्यो." आणि "दिवाळी हू दे, मग बघू." तुमच्या घरीही साधारण हीच यादी असेल, पैज लावते.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते बघू. डोळ्यावर वाढणारा पडदा वगैरे काही नसतं. बाहुलीच्या मागे आपलं स्वतःचं एक पारदर्शक भिंग असतं, पाणी आणि प्रथिनांचं. वय वाढलं की त्यातली प्रथिनं बदलतात, भिंग गढूळ होतं. पिवळट काचेतून बघितल्यासारखं दिसतं. निळा रंग आधी मार खातो. हे गढूळपण कुठल्याही ड्रॉपने विरघळत नाही. मध घातल्याने, जडीबुटीने तर नाहीच. उपाय एकच, भिंग काढून तिथे कृत्रिम लेन्स बसवणं.

आता 'पिकणं'. ही समजूत वेडेपणाची नव्हती, जुन्या काळाची होती. तेव्हा मोठा छेद देऊन अख्खं भिंग बाहेर काढत, टाके घालत आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. एवढं दिव्य करायचं तर नजर पार गेल्यावरच केलेलं बरं, असा तो हिशेब. आज मामला उलटा आहे. फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक सुईसारखं यंत्र आत जातं, अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा करतं आणि ओढून घेतं. भिंग जितकं कडक, तितकी जास्त ताकद लावावी लागते आणि डोळ्याच्या आतल्या नाजूक थराला तितका जास्त त्रास. अगदीच जास्त पिकला तर डोळ्यातला दाब वाढून प्रकरण तातडीचं होऊ शकतं.

म्हणून पिकण्याची वाट बघू नका. दुसरीकडे, रिपोर्टवर 'मोतीबिंदूची सुरुवात' असं लिहिलंय म्हणून उद्याच टेबलावर झोपायचीही गरज नाही. रोजची कामं अडायला लागली, वाचणं, गाडी चालवणं, शिवणं, जिना उतरणं, की वेळ झाली. आणि ऋतूचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. ऑपरेशन उन्हाळ्यात होतं, पावसाळ्यातही होतं.

हे हलक्यात घेण्यासारखं नाही. २०१५ ते २०१९ मध्ये देशात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा निघाला ६६.२ टक्के. म्हणजे तिघांतले दोघं अशा आजाराने अंध, ज्याचं ऑपरेशन चहा थंड व्हायच्या आत होतं.

विमानाची काच ते मदुराईची लेन्स

डोळ्यात प्लास्टिक बसवायचं कुणाला सुचलं असेल? लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटची काच फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तिचे तुकडे घुसत. रिडलींनी पाहिलं की या प्लास्टिकवर डोळा चिडत नाही. त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स बनवली आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिलं ऑपरेशन केलं. त्यांच्या बिरादरीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा नाकं मुरडली. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी फेको आणलं. आयडिया मिळाली कुठे? दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दात साफ करणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून!

आपल्याकडे प्रश्न किमतीचा होता. परदेशी लेन्स शंभर डॉलरच्या घरात. मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलवाल्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला सुरुवात केली आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. आज सरकारी रुग्णालयात लेन्ससकट मोफत ऑपरेशन होतं, कोल्हापुरात सीपीआरमध्येही, त्यामागे ही सगळी धडपड आहे. तेव्हा 'स्वस्त म्हणजे फालतू' हे डोक्यातून काढून टाका. साध्या लेन्सने दिसणारा 'दूरचा बोर्ड' महागड्या लेन्सपेक्षा कमी स्पष्ट नसतो.

कार्डावरचे तीन रकाने

मी तेव्हा कोल्हापुरातच एका स्टोरीसाठी गेले होते, त्यामुळे आत्तीबरोबर दवाखान्यात मीही. तपासणी झाली, मापं झाली आणि काउन्सेलर मुलीने लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे सरकवलं. तीन रकाने. २५ हजार, ४५ हजार, ९० हजार. हॉटेलच्या मेनूसारखं. आत्तीने कार्ड उलटं-सुलटं केलं आणि दादाला फोन लावला. दादाचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

मी म्हटलं, थांबा, डॉक्टरांना परत भेटू.

तर डोकं शांत ठेवून हे तीन रकाने समजून घ्या.

मोनोफोकल, म्हणजे एका अंतरावर फोकस. बहुतेक वेळा तो दूरवर ठेवतात. रस्ता, टीव्ही, समोरच्याचा चेहरा चष्म्याशिवाय. वाचायला, शिवायला जवळचा चष्मा लागतो. प्रतिमा अगदी स्वच्छ. कुणाला आयुष्यभर मायनस नंबर असेल आणि चष्मा काढून वाचायची सवय असेल, तर डॉक्टर फोकस जवळही ठेवू शकतात. पण हे आधी बोलावं लागतं.

मल्टिफोकलमध्ये येणारा प्रकाश दूर आणि जवळ असा वाटला जातो. चष्म्यावाचून बरंचसं चालतं, हे खरं. पण वाटणी आली की वाट्याला कमी येतं. कमी उजेडात काँट्रास्ट घटतो, रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. बऱ्याच जणांना हळूहळू सवय होते, काहींना होत नाही. रात्री ट्रक किंवा रिक्षा चालवणाऱ्याने दहादा विचार करावा. डोळ्याचा पडदा निरोगी नसेल, काचबिंदू असेल, तर ही लेन्स सहसा नकोच. या दोघांच्या मधली 'एडॉफ' नावाची एक जात आहे. दूरचं आणि कॉम्प्युटरच्या अंतराचं चांगलं, बारीक अक्षराला मात्र चष्मा लागू शकतो.

टॉरिक ही तिरप्या नंबरासाठी, ज्याला आपण 'सिलिंडर' म्हणतो. नंबर मोठा असेल तर इथे पैसे घालणं खरंच वसूल. नसेल तर उगाच.

आणि 'ब्लेडविरहित लेसर मोतीबिंदू'? ऐकायला एकदम सॉलिड. पण २०२० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासांत साध्या फेकोपेक्षा त्याने नजर जास्त सुधारते असं दिसलं नाही. त्यासाठी सोनं गहाण टाकायचं कारण नाही.

तर, डॉक्टर. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "आजी, दिवसभर काय करता?"

"आजी?" आत्तीने भुवई उचलली. मग म्हणाली, "मशीन चालवतो. ब्लाउज शिवतो."

"आणि अडतं कुठे?"

आत्ती जरा थांबली. मग एकेक बाहेर आलं. दोऱ्याचे रंग. संध्याकाळचा रस्ता. बसची पाटी. समोरून कोण येतंय ते कळत नाही, मग माणसं म्हणतात मावशी ओळख दाखवत नाहीत. हे सगळं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो, डॉक्टरांच्या केबिनमध्ये.

डॉक्टरांनी मग सरळ सांगितलं. साखर बारा वर्षांची आहे, पडद्यावर थोडे बदल आहेत. तुम्हाला काँट्रास्ट कमी करणारी लेन्स मी देणार नाही. घडी होणारी चांगली मोनोफोकल टाकू, फोकस दूरचा. शिवायला चष्मा लागेल.

स्पीकरवरून दादा कळवळला, "पण मग चष्मा राहणारच ना?"

"आरं, वीस वर्सं चष्माच लावून शिवतोय," आत्ती म्हणाली. "नाकाला जड झालाय व्हय मला? मला रस्ता दिसू दे."

विषय संपला. ९० हजारांच्या लेन्सने तिला नको ती गोष्ट मिळाली असती आणि हवी ती बिघडली असती. दुसऱ्या एखाद्याला, ज्याचा पडदा ठणठणीत आहे आणि ज्याला चष्म्याचाच वैताग आहे, तीच लेन्स वरदान ठरेल. म्हणूनच निवड रकान्याची करायची नसते, ज्याचा डोळा त्याच्या दिवसाची करायची असते.

टेबलाच्या आधी, टेबलाच्या नंतर

लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून आणि बुबुळाच्या गोलाईवरून काढतात. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकू शकतो. त्यामुळे मापं घाईत उरकू देऊ नका.

डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. बाबांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर ते सांगितलंच पाहिजे. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट उघडी राहत नाही, सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीने उतरतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि काचबिंदू आहे का, पडदा कसा आहे, हे आधीच विचारा. मोतीबिंदू काढल्याने मोतीबिंदूने नेलेली नजरच परत मिळते. काचबिंदूने नेलेली मिळत नाही.

ऑपरेशन भूल देऊन, पण पूर्ण बेशुद्ध न करता होतं. फक्त थेंब, किंवा डोळ्याजवळ एक इंजेक्शन. बहुतेकदा वीसेक मिनिटांत आटोपतं, त्याच दिवशी घरी. सहसा एका वेळी एकच डोळा.

खरी कसोटी पुढच्या महिन्याभराची. ड्रॉप वेळेवर. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी नाही, चुलीचा धूर नाही, शेतातली धूळ नाही. ड्रॉप घालायच्या आधी हात साबणाने धुवा. तुम्ही दोन दिवसांची सुट्टी टाकून जाता आणि सोमवारी परत फिरता, पण ड्रॉप चालतात चार-सहा आठवडे. म्हणून मोबाइलवर आईसाठी अलार्म लावून द्या.

एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा. ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, डोळा लालभडक झाला, पू आला, नजर अचानक कमी झाली, विजा चमकल्यासारखं किंवा काळा पडदा सरकल्यासारखं दिसलं, तर 'सकाळी बघू' नाही. त्याच तासाला दवाखाना. डोळ्यात जंतुसंसर्ग होणं दुर्मीळ आहे, पण झालाच तर तासांचा हिशेब असतो.

काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर 'मोतीबिंदू परत आला' म्हणून घाबरू नका. तो परत येत नाही. लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ होते. याग लेसरने काही मिनिटांत साफ होते.

आता जरा खिशाचं

मेडिक्लेममध्ये मोतीबिंदू 'डे केअर' म्हणून बसतो, २४ तास अॅडमिट व्हावं लागत नाही. पण अनेक वैयक्तिक पॉलिसींत त्यासाठी दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा. मल्टिफोकलचा जादा खर्च बऱ्याचदा आपल्याच खिशातून. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा असतील तर एचआरला आजच मेल टाका. आणि लेन्सच्या डब्यावरचा स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल, नंबर असतो, तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. बिलात लिहिलेली लेन्सच डोळ्यात गेली, याचा तोच पुरावा.

तुमच्या-माझ्यासाठीही दोन शब्द. डोळे लाल झाले की केमिस्टकडून स्वतःच स्टेरॉइडचे ड्रॉप आणता? बंद करा. स्टेरॉइडने तरुणपणीच मोतीबिंदू होऊ शकतो, काचबिंदूही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा भाऊ किंवा मित्र असेल तर त्याला योग्य गॉगल लावायला सांगा. वर्षानुवर्षांची ती धगही भिंग गढूळ करते. आणि लॅसिक करून चष्मा उडवला असेल तर त्याआधीचे नंबर आणि रिपोर्ट जपून ठेवा. तीस वर्षांनी तुमच्या लेन्सचा हिशेब करताना डॉक्टर तेच मागतील.

काउंटरवर विचारायचे पाच प्रश्न

१. मोतीबिंदू सोडून डोळ्यात आणखी काही दुखणं आहे का?
२. तिरपा नंबर किती आहे? टॉरिकची खरंच गरज आहे का?
३. ही लेन्स टाकल्यावर कुठल्या कामाला चष्मा लागेल?
४. पॅकेजमध्ये काय काय आलं? ड्रॉप, नंतरच्या तपासण्या धरून?
५. रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?

सहावा प्रश्न डॉक्टरांसाठी नाही, आईसाठी आहे. 'दिवसभरात तुला नेमकं काय दिसायला हवं?' तो मात्र या वीकेंडला घरीच, चहा पिताना विचारा. दवाखान्याच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना, आया खरं उत्तर देत नाहीत. त्या म्हणतात, "तू सांगशील ते."